सहा बाय सहाचा कृष्णधवल चेहरा: रोल भरण्यापासून घरच्या स्कॅनपर्यंत

मीडियम फॉरमॅटवर, म्हणजे ३५ मिलिमीटरहून मोठ्या फिल्मवर, कृष्णधवल पोर्ट्रेट काढायचं मनात आलं की चर्चा सुरू होते कॅमेऱ्यांची, आणि बरेचदा तिथेच संपते. माझ्या मते चेहरा चांगला उतरणार की नाही हे तीन ठिकाणी ठरतं: उजेड कुठून येतोय, सावलीतल्या भागाला पुरेसं एक्सपोजर मिळालं का, आणि रोल डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात, किती वेळ राहिला. स्कॅनरचा नंबर त्यानंतर लागतो. काळ्याभोर केसांतल्या बटा निगेटिव्हवर उतरल्याच नसतील तर कितीही महागडा स्कॅनर त्या आणणार कुठून? म्हणून स्कॅनिंगपर्यंत पोचायला या लेखात थोडा वेळ लागेल. आधीची कामं नीट झाली असली की पुढचं सोपं जातं.

उदाहरणासाठी मी एकच संच धरतो: यशिका मॅट १२४जी हा जुना दोन भिंगांचा कॅमेरा, इलफर्ड एचपी५ प्लस हा रोल आणि आयडी-११ हा डेव्हलपर. तुमच्याकडे रोलायकॉर्ड, मामिया किंवा हॅसलब्लॅड असेल तरी पद्धत तीच.

कॅमेरा आणि रोल

१२० नंबरचा रोल कोडॅकने १९०१ साली आणला आणि आजही तोच चालतो. फिल्मच्या पाठीला काळा कागद असतो, रुंदी सहा सेंटिमीटरहून किंचित जास्त. सहा बाय सहाच्या कॅमेऱ्यात १२ फोटो निघतात, सहा बाय साडेचारमध्ये १५ किंवा १६, सहा बाय सातमध्ये १०. ‘सहा बाय सहा’ म्हणतात खरं, पण चौकट प्रत्यक्षात साधारण ५६ मिलिमीटरची असते. तरीही ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त भरतं. तेवढ्याच आकाराच्या प्रिंटसाठी निगेटिव्ह कमी मोठी करावी लागते, त्यामुळे दाणा, म्हणजे चित्रातले चांदीचे कण, बारीक राहतो. गालावरून हनुवटीकडे जाताना उजेड हळूहळू उतरतो ना, ती उतरण अखंड दिसते. मीडियम फॉरमॅटचा खर्च करायचा तो या उतरणीसाठी.

दोन भिंगांचा कॅमेरा पोर्ट्रेटसाठी मला सर्वांत जवळचा वाटतो. वरच्या भिंगातून आपण बघतो, खालच्यातून फोटो निघतो. कॅमेरा छातीशी धरून मान खाली घालून बघायचं असतं, त्यामुळे समोरच्या माणसावर काही रोखल्यासारखं होत नाही. आरसा उचलला जात नाही, शटर भिंगाच्या आतच असतं, म्हणून आवाज जेमतेम येतो आणि १/६० सेकंदालाही हातात धरून फोटो हलत नाही. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी असल्याच रोलायफ्लेक्सवर किती काम केलं ते आपल्याला माहीत आहेच.

जुना कॅमेरा घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, बुरशी. मुंबईच्या, कोकणातल्या दमट हवेत पडून राहिलेल्या भिंगांत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. मागचं झाकण उघडून, शटर ‘बी’वर उघडं धरून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा, असतील तर लगेच दिसतील. दुसरी, मंद गती. १ सेकंद आणि १/२ सेकंद लावून कान द्या. यंत्र अडखळत असेल किंवा शटर उघडंच राहत असेल तर साफसफाईचा खर्च किमतीत धरा. तिसरी, दोन्ही भिंगांचा फोकस जुळतो का. हे पहिल्या रोलवर कळतंच. १२४जीमधला लाइट मीटर पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचा आणि ती बॅटरी आता बनत नाही. त्या सुईकडे बघूच नका. मीटर वेगळा ठेवा.

रोल भरताना सावलीत उभे राहा. आत फिल्म दाबून धरणारी जी पट्टी असते ती १२० वर लावलेली आहे ना हे आधी तपासा; या मॉडेलमध्ये ती २२० वर, म्हणजे दुप्पट लांबीच्या रोलसाठी, सरकवता येते आणि मागच्या मालकाने तशीच ठेवलेली असू शकते. कागदाचं टोक रिकाम्या रिळात खोचा, हळूहळू फिरवत कागदावरची बाणाची खूण कॅमेऱ्यातल्या खुणेशी आली की झाकण लावा आणि हँडल अडेपर्यंत फिरवा. भरताना आणि काढताना रोलवर अंगठा दाबून ठेवा. रोल सैल गुंडाळला गेला तर कडेने उजेड शिरतो आणि शेवटच्या फोटोंच्या काठावर काळसर पट्टे येतात.

रोल कोणता? ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ एकेकाळी आपल्याकडच्या स्टुडिओंत असायचा. आता मिळतो तो सगळा बाहेरून येतो आणि किंमत तशीच असते. म्हणून प्रयोगांत रोल वाया घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं. घरातल्या उजेडासाठी ४०० आयएसओचा (आकडा जितका मोठा तितका कमी उजेड फिल्मला पुरतो) एचपी५ प्लस किंवा कोडॅकचा ट्राय-एक्स घ्या. उघड्यावर सावलीत काढणार असाल तर १२५ चा एफपी४ प्लस सुंदर. एक रोल आणि एक डेव्हलपर ठरवा, आणि निदान वर्षभर तेच वापरा.

उजेड कुठून येतोय

आपल्याकडच्या घरांत पोर्ट्रेटसाठी उत्तम जागा आयतीच असते: ओसरी, पडवी, व्हरांडा किंवा उत्तरेकडची खिडकी. वरून छप्पर, एका बाजूने मोकळं आभाळ. माणसाला खिडकीपासून तीन-चार फुटांवर बसवा आणि खांदे खिडकीकडे थोडे वळवा. लांबच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण आला की चेहऱ्याला खोली येते. खिडकीला अगदी चिकटवून बसवलं तर एक गाल पांढरा फटक आणि दुसरा काळा ठिक्कर होतो. दोन पावलं आत आलं की हा फरक आपोआप कमी होतो.

सावलीच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा. ती नसेल तर खुर्चीवर टाकलेली पांढरी चादरही चालते. लाइट मीटरने दोन्ही गालांची मोजणी घ्या. फरक दोन स्टॉपचा असेल तर उत्तम (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तीनच्या वर गेला तर शीट जवळ सरकवा.

पावसाळ्यातलं भरून आलेलं आभाळ हा आपल्याकडचा सर्वांत चांगला सॉफ्टबॉक्स आहे. त्या दिवसांत अंगणातही फोटो काढता येतात. उन्हाळ्यातल्या दुपारी मात्र बाहेर जाऊच नका. डोळ्यांच्या खोबण्यांत काळोख बसतो आणि तो पुढे कुठेच निघत नाही.

आता कुंकवाबद्दल. कृष्णधवल फिल्मवर लाल रंग मध्यम करडा उतरतो, आणि सावळ्या कपाळाचा करडाही त्याच्या आसपास असतो. लाल किंवा नारिंगी फिल्टर लावला तर त्वचा आणि कुंकू दोन्ही उजळतात आणि कुंकू दिसेनासंच होतं. पिवळ्या बल्बच्या उजेडातही थोड्या प्रमाणात असंच होतं. चेहऱ्यावरचे डाग लपवायला लाल फिल्टर लावा असा सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. आपल्याकडच्या बायकांच्या पोर्ट्रेटला तो लावू नका: ओठ फिके पडतात, कुंकू जातं, आणि कुंकवाशिवायचा स्वतःचा फोटो हातात घेताना कित्येकींना वाईट वाटतं. पिवळसर हिरवा फिल्टर याच्या उलट काम करतो. लाल रंग गडद होतो, कुंकू ठसठशीत उतरतं, ओठांना आकार येतो, पुरुषांची उन्हाने रापलेली त्वचा भरीव दिसते. या फिल्टरसाठी साधारण एक स्टॉप एक्सपोजर वाढवावं लागतं. यशिका मॅटला ‘बे वन’ मापाचे फिल्टर बसतात, हे विकत घेताना लक्षात ठेवा.

मोजणी: केसांकडून सुरुवात

लाइट मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. ज्याच्यावर धराल ते मध्यम करडं यावं एवढंच तो सांगतो. गोऱ्या त्वचेवरून घेतलेली मोजणी जशीच्या तशी वापरली तर चेहरा काळवंडतो, म्हणून परदेशी पुस्तकांत एक स्टॉप वाढवायला सांगतात. आपल्याकडच्या मध्यम सावळ्या त्वचेची मोजणी बहुधा तशीच चालते. खूप काळ्या वर्णाच्या माणसाचा चेहरा मध्यम करड्याहून थोडा गडद राहू द्यावा. तिथे मीटरचं ऐकून एक्सपोजर वाढवत गेलं तर तो माणूस स्वतःसारखा दिसत नाही.

पण निगेटिव्ह फिल्मवर मोजणीची सुरुवात मी चेहऱ्यावरून करत नाही, केसांवरून करतो. ॲन्सल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांच्या झोन पद्धतीचा गाभा हाच आहे: सावलीतला जो सर्वांत गडद भाग तपशिलासकट हवा, त्यावर मोजणी घ्यायची आणि तिथून दोन स्टॉप कमी करायचे.

माझी आत्या खिडकीशी बसली आहे असं समजा. पांढरी सुती नऊवारी, केस अजून काळे, कपाळावर कुंकू. ४०० आयएसओ, १/६० सेकंद धरून उजेडातल्या गालाची मोजणी येते एफ ८ (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भिंगाचं छिद्र लहान आणि उजेड कमी). सावलीच्या बाजूच्या केसांची येते एफ २.८. केसांवरून दोन स्टॉप कमी केले की एफ ५.६. म्हणजे १/६० ला एफ ५.६ लावायचं. गाल मीटरच्या मध्यम करड्याहून एक स्टॉप वर जाईल, निगेटिव्हवर थोडा दाट येईल आणि स्कॅननंतर तो सहज जागेवर आणता येईल. पांढऱ्या पदरावर मोजणी घेतली तर ती गालाहून आणखी दीड स्टॉप वर निघेल. एचपी५ तेवढं आरामात पेलतो. उलट एफ ८ वर काढलं असतं तर केसांचा एक सपाट काळा डाग झाला असता.

लहानशा भागाचीच मोजणी घेणारा स्पॉट मीटर नसेल तर मोबाइलमधलं मीटरचं ॲप घ्या आणि अगदी जवळ जाऊन, फक्त केस किंवा फक्त गाल चौकटीत येईल असं धरा. स्वतःची सावली पडू देऊ नका. फारच घाई असेल तर त्याच उजेडात स्वतःचा तळहात मोजा आणि एक स्टॉप वाढवा. तळहात मध्यम करड्याहून साधारण एक स्टॉप उजळ असतो, आणि चेहऱ्याच्या वर्णाप्रमाणे तो फारसा बदलत नाही.

फोकस, अंतर आणि समोरचं माणूस

८० मिलिमीटरचं भिंग या फॉरमॅटवर ‘नॉर्मल’ भिंग आहे. कॅमेरा अगदी एक मीटरपर्यंत जवळ नेता येतो, पण तिथून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. सव्वा ते दीड मीटरवर थांबा, चेहरा आणि खांदे घ्या, आणि हवं तर नंतर कापा. निगेटिव्ह एवढी मोठी आहे की थोडं कापलं तर काही बिघडत नाही.

सव्वा मीटरवर एफ ३.५ ला नीट फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम आठ सेंटिमीटर असते. एफ ५.६ ला ती बारा-तेरा होते, एफ ८ ला अठराच्या आसपास. बसलेलं माणूस श्वास घेताना, बोलताना दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे होतंच. म्हणून एफ ५.६ ही माझी ठरलेली जागा. बघायच्या हुडातलं, चित्र मोठं दाखवणारं लहान भिंग उघडा, डोळा टेकवा आणि जवळच्या डोळ्याच्या पापणीवर फोकस करा. पापण्या दिसत नसतील तर बुबुळातलं खिडकीचं प्रतिबिंब बघा. पाठीला टेकायला खुर्ची आणि हाताला काहीतरी धरायला दिलं तर माणूस कमी हलतं.

बघायचं भिंग वर आणि फोटोचं खाली असल्याने जवळून काढताना चौकट थोडी खाली सरकते आणि डोक्याचा वरचा भाग कापला जातो. डोक्यावर नेहमीपेक्षा जास्त जागा सोडा. ट्रायपॉड असेल तर फोकस केल्यावर कॅमेरा दोन भिंगांमधल्या अंतराएवढा वर उचला.

जुन्या पिढीतली माणसं कॅमेरा दिसला की ताठ होतात, कारण स्टुडिओत ‘हलू नका’ असं ऐकतच ती फोटोला बसली आहेत. त्यांना ‘नॅचरल राहा’ सांगून काही होत नाही. पहिले दोन फोटो त्यांना हवे तसे, ताठ बसून, सरळ कॅमेऱ्यात बघून काढा. घरच्या भिंतीवर बहुधा तेच लागतात. मग हँडल फिरवता फिरवता बोलत राहा. ‘आत्या, या घराला आधी माडी होती ना गं?’ एवढं विचारलं की ती खिडकीबाहेर बघत बोलायला लागते, हात सैल पडतात. बोलणं मध्येच थांबतं, तो क्षण घ्यायचा. बोलत असताना घेतलं तर ओठ वाकडे येतात. रोलवर १२ च फोटो आहेत याचा फायदा इथे दिसतो: तुम्ही थांबता, आणि समोरच्यालाही थांबायला मिळतं.

रोल धुणे

कृष्णधवल रोल घरी धुणं मुळीच अवघड नाही. लॅबमध्ये कोणत्या डेव्हलपरमध्ये किती वेळ धुतला हे आपल्या हातात राहत नाही, म्हणून घरीच धुवा. लागतं ते एवढं: पॅटरसनसारखी टाकी, चेंजिंग बॅग (आत हात घालून काम करायची उजेडबंद पिशवी), थर्मामीटर, मोजपात्र, डेव्हलपर, फिक्सर म्हणजे आपला हायपो, आणि डिस्टिल्ड वॉटर.

सर्वांत घाबरवणारी पायरी म्हणजे अंधारात फिल्म रिळावर चढवणं. एक वाया गेलेला रोल घ्या, आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून हात बसेपर्यंत सराव करा. कागद उलगडत गेलं की फिल्मचं मोकळं टोक हाताला लागतं. ते रिळात सरकवा. दुसऱ्या टोकाला फिल्म कागदाला चिकटपट्टीने जोडलेली असते. ती पट्टी झटकन ओढू नका. गोंद सुटताना अंधारात निळसर चमक दिसते, इतका तिथे विद्युतभार तयार होतो. सावकाश सोडवा किंवा फिल्मवरच दुमडून टाका. रीळ पूर्ण कोरडं हवं. दमट हवेत, बॅगेत हाताला घाम आला की फिल्म अडकते; अशा वेळी रात्री दिवे घालवून, खिडक्या झाकून बाथरूममध्येच चढवणं बरं.

१२० च्या एका रोलला पॅटरसनच्या टाकीत ५०० मिलिलिटर द्रव लागतो. आयडी-११ चं तयार द्रावण २५० मिलिलिटर आणि तेवढंच पाणी घ्या, वापरून झालं की टाकून द्या. एचपी५ प्लस ४०० वर काढला असेल तर २० अंशांना वेळ १३ मिनिटं. आता आपली अडचण अशी की एप्रिलमध्ये नळाचं पाणी तीसच्या घरात असतं. डेव्हलपरची बाटली बर्फ घातलेल्या घमेल्यात ठेवून २० वर आणा. तेवढं जमत नसेल तर २४ अंशांवर स्थिर करा आणि वेळ सुमारे ९ मिनिटं धरा. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाईल एवढं गरम द्रावण वापरू नका, दाट-विरळ पट्टे येतात. हायपोचं आणि धुण्याचं पाणीही साधारण त्याच तापमानाचं ठेवा.

पहिले दहा सेकंद टाकी चार वेळा उलटीसुलटी करा, मग प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला तसंच चार वेळा. दर वेळी टाकी ओट्यावर हलकेच आपटा म्हणजे बुडबुडे सुटतील. डेव्हलपर ओतून दिल्यावर स्टॉप बाथ किंवा साधं पाणी, मग रॅपिड फिक्सर एकास चार या प्रमाणात, तीन ते पाच मिनिटं. फिक्सर जुना असेल तर फिल्मचा छोटा तुकडा त्यात टाका. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या. वापरलेल्या हायपोत चांदी असते, तो बागेत किंवा विहिरीजवळ ओतू नका. एक्स-रेच्या हायपोतून चांदी काढणारे असतात, कॅनमध्ये साठवून त्यांना द्या.

पाणी कमी असणाऱ्या गावांत फिक्सरनंतर पाण्याने धुण्याची इलफर्डची पद्धत वरदान आहे. टाकी पाण्याने भरा आणि पाच वेळा उलटी करा, पाणी बदला आणि दहा वेळा, पुन्हा बदला आणि वीस वेळा. झालं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, त्यात वेटिंग एजंटचे (फिल्मवर पाण्याचे थेंब साचू न देणाऱ्या द्रवाचे) थोडे थेंब. बोअरच्या जड पाण्यात शेवट केला तर वाळल्यावर क्षारांचे गोल डाग राहतात, आणि ते नेमके गालावर येतात. वाळत घालायला बाथरूम उत्तम: आधी गरम पाणी सोडून वाफेने धूळ खाली बसवा, पंखा बंद ठेवा, खालच्या टोकाला चिमटा लावा. पावसाळ्यात रात्रभर लटकू द्या.

वाळलेली निगेटिव्ह खिडकीशी धरून वाचायला शिका. काठावरची रोलच्या नावाची अक्षरं कारखान्यातच उमटवलेली असतात, त्यामुळे ती फक्त डेव्हलपिंगबद्दल सांगतात. अक्षरं ठळक पण चित्र फिकं, तर एक्सपोजर कमी पडलं. अक्षरंही फिकी, तर डेव्हलपिंग कमी झालं. केसांच्या जागी कोरी फिल्म दिसता कामा नये, बारीक रेषा दिसायला हव्यात. जुनी माणसं निगेटिव्ह वर्तमानपत्रावर ठेवून बघत: सर्वांत काळ्या भागातूनही खालची अक्षरं अंधूक वाचता यावीत. ती कसोटी आजही लागू पडते, कारण याहून दाट भागातून स्कॅनरचा दिवाही धड पार जात नाही. पांढरे कपडे सारखेच असे दाट येत असतील तर पुढच्या रोलला डेव्हलपिंग दहा-पंधरा टक्के कमी करा.

घरी स्कॅन: दोन रस्ते

पहिला रस्ता फ्लॅटबेड स्कॅनरचा. एप्सनचे व्ही६०० आणि व्ही८५० असे काही मोजकेच १२० ची पट्टी घेतात. १६ बिट ग्रेस्केल, २४०० पीपीआय (इंचाला इतके पिक्सेल), टिफ फाइल असं लावा. एक चौकट साधारण ५३०० पिक्सेलची आणि ५५ एमबीच्या आसपास होते. ६४०० चा आकडा खुणावतो, पण या स्कॅनरांच्या भिंगांतून तेवढा तपशील येतच नाही. फाइल मात्र सातपट फुगते. ऑटो एक्सपोजर, शार्पनिंग, धूळ काढणं हे सगळं बंद ठेवा. डिजिटल आइस हे धूळ काढायचं तंत्र इन्फ्रारेड किरणांवर चालतं आणि साध्या कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते किरण अडवते, त्यामुळे चित्राचाच चिखल होतो. इलफर्डच्या एक्सपी२ सुपरवर मात्र ते चालतं, कारण धुतल्यावर त्यात चांदीऐवजी रंगद्रव्य उरतं. हिस्टोग्रामच्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्या छटांच्या आलेखाच्या, दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा सोडून स्कॅन करा. पडद्यावर ते मरगळलेलं, राखाडी दिसेल. तसंच हवं.

निगेटिव्ह काचेला टेकली तर तेलाच्या तवंगासारखी वलयं उमटतात. ती चकचकीत बाजू टेकल्यावर जास्त येतात. होल्डरमध्ये पट्टी ताठ बसत नसेल तर आधी दोन दिवस जाड पुस्तकाखाली ठेवा. होल्डरच्या कोपऱ्यांखाली कागदाच्या घड्या लावून उंची थोडी थोडी बदला आणि तीच चौकट पुन्हा स्कॅन करून बघा. प्रत्येक स्कॅनरचा खरा फोकस काचेपासून वेगळ्या उंचीवर असतो.

दुसरा रस्ता डिजिटल कॅमेऱ्याचा. घरात कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल तर मी हाच सुचवेन. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चौकोनी निगेटिव्ह ४००० बाय ४००० पिक्सेलची येते, म्हणजे ३०० डीपीआयला तेरा इंचांची प्रिंट. फुल फ्रेम सेन्सरवर निगेटिव्ह अर्ध्याहूनही लहान करून घ्यायची असते, त्यामुळे निम्म्या आकारापर्यंत जाणारी जुनी मॅक्रो लेन्सही पुरते. खाली चांगला एलईडी पॅड, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ च्या वर. निगेटिव्ह त्यावर थेट ठेवू नका, तीन-चार सेंटिमीटर वर धरा; नाहीतर पॅडचे ठिपके आणि धूळ दोन्ही फोटोत येतात. निगेटिव्हच्या भोवतीचा उघडा उजेड काळ्या कार्डशीटने झाका, खोली अंधारी करा.

कॅमेरा निगेटिव्हला अगदी समांतर हवा आणि त्यासाठी एक साधी युक्ती आहे. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोब्बर मध्यभागी आलं की कॅमेरा सरळ. स्पिरिट लेव्हलपेक्षा हे कितीतरी अचूक आहे. मग आयएसओ १००, एफ ८, रॉ फाइल, दोन सेकंदांचा टायमर. फोकस डिस्प्ले मोठा करून थेट दाण्यावर करा. दाणा स्पष्ट दिसला म्हणजे सगळं स्पष्ट. एक्सपोजर असं की काठाची कोरी फिल्म हिस्टोग्रामच्या उजव्या टोकाच्या अलीकडे राहील, टोकाला चिकटणार नाही. एक चौकट ठरली की सगळ्या रोलला तेच मॅन्युअल एक्सपोजर ठेवा. ब्लोअर प्रत्येक चौकटीआधी मारा. इथे घालवलेलं मिनिट पुढे पडद्यावर डाग पुसण्याचा अर्धा तास वाचवतं.

पडद्यावर

डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातलं निगाडॉक्टर हे मॉड्यूल याच कामाचं. काठाच्या कोऱ्या फिल्मवरून आधार रंग उचला, मग काळं आणि पांढरं टोक ठरवा. गिंपमध्ये करायचं तर रंग उलटवा आणि लेव्हल्सने टोकं जुळवा. काळं टोक अगदी शून्यावर नेऊ नका. मग कर्व्ह, म्हणजे छटा उजळ-गडद करायची रेषा, अगदी हलका वाकवा, आणि तो वाकवताना नजर केसांवर किंवा पार्श्वभूमीवर नको, उजेडातल्या गालावर ठेवा. गाल जिवंत दिसला की थांबा.

त्यानंतर फाइल शंभर टक्के आकारात उघडून डाग टिपा, एका कोपऱ्यातून सुरुवात करून ओळीने. सुरकुत्यांना हात लावू नका. जुन्या स्टुडिओंत रिटचर बारीक शिसपेन्सिलीने निगेटिव्हवरच गाल गुळगुळीत करायचे. त्यांच्या हाताला मी मनापासून मान देतो, पण मोठ्या निगेटिव्हवर त्वचेचा जो पोत मिळवला तोच पुसण्यात मला अर्थ वाटत नाही. शार्पनिंग अगदी शेवटी, ज्या आकाराची प्रिंट हवी त्या आकारात आणल्यावर आणि थोडंच. मूळ स्कॅन वेगळं जपा, काम त्याच्या प्रतीवर करा, आणि दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. फाइलच्या नावात वर्ष, रोलचा क्रमांक आणि चौकटीचा क्रमांक घाला; तोच रोल क्रमांक निगेटिव्हच्या पाकिटावर लिहा.

निगेटिव्ह तीन-तीनच्या चार पट्ट्यांत कापा आणि आम्ल नसलेल्या कागदाच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत घाला. साध्या पीव्हीसी पाकिटांत घालू नका, ती फिल्मला चिकटतात. पाकिटं आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत निळी सिलिका जेल. पावसाळ्यात ती आठवड्या-दोन आठवड्यांत गुलाबी होते. ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर ठेवली की पुन्हा निळी होते, म्हणून दोन संच ठेवा: एक डब्यात, एक सुकत.